नळी काढायची राहून गेली

चाळीस खाटांचा वॉर्ड आणि सिस्टर दोन. अशा ठिकाणी "उद्या बघू" हे पालुपद तोंडी कसं बसतं, ते तिथे राबणाऱ्यांनाच ठाऊक!

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींची लघवीची नळी तिसऱ्या दिवशी काढा, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले होते. थोरल्या सिस्टरने ते ऐकलं. पण नळी काढली की घडोघडी बेडपॅन द्यायचा, ओल्या चादरी बदलायच्या. माणसं कुठून आणायची? तिने ते ना वहीत लिहिलं, ना पुढच्या पाळीला सांगितलं.

"सिस्टर, आईला नळी अजून लागते का हो?" आजींच्या मुलीने एकदा भीत भीत विचारलं.

"आम्हाला कळतं ना!" सिस्टरने फटकारलं.

नवव्या दिवशी आजींना हुडहुडी भरली. औषधं बदलली तरी ताप हटेना. नळी काढून लॅबमध्ये पाठवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला बोलावून चिरलेली नळी दाखवली. आत बुळबुळीत थर होता.

"पण लघवीच्या तपासणीत आपण दिलेल्या औषधाने जंतू मरत होते!" सिस्टर म्हणाली.

"सुटे होते तेव्हा. हे जंतू रसायनं सोडून एकमेकांना खबर देतात, आपण किती जमलो त्याची. पुरेसे जमले की त्यांची जनुकं जागी होतात आणि ते असा थर बांधतात. मग त्यांच्यावर औषध धड चालत नाही. त्यातलेच सुटून आता रक्तात गेलेत." बाईंनी आजींचा केसपेपर पुढे केला, त्यात नळी काढायची नोंदच नव्हती. "त्यांना तोंड नाही, तरी ते बोलतात. आपण तोंड असून गप्प!"

अकराव्या दिवशी आजी गेल्या.

मुलगी आईचा चष्मा, कंगवा पिशवीत भरत होती. "खूप केलंत हो तुम्ही," ती म्हणाली. मान डोलावून निघून जाणं किती सोपं होतं!

"नाही ताई. नळी तिसऱ्या दिवशीच काढायची होती. मी काढली नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला," मुलगी म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

माफी मिळाली नाही. आता सिस्टर रोज प्रत्येक नळीची तारीख पाहते, लिहिते, पुढच्या पाळीला मोठ्याने सांगते. सिस्टर अजूनही दोनच आहेत. आजी काही परत येत नाहीत.

बंधुभगिनींनो, भीड ही भिकेची बहीण म्हणतात. रुग्णालयात ती मरणाची बहीण ठरते! आपल्या माणसाच्या उशाशी बसाल तेव्हा "ही नळी आज हवीच का?" असं विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि ज्यांना विचारलं जाईल, त्यांनी राग मानू नये. आपण गप्प बसलो की भोगतं दुसरंच कुणीतरी!