सासू, जावई आणि शार्क

मित्रांनो, मला कयाक म्हणतात. मी पिवळी, दोन माणसांची, पोटाशी खरचटलेली एक जुनी होडी आहे. कारखान्यात प्लास्टिकची भुकटी साच्यात वितळवून मला घडवले. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने मला घरी आणले. सुट्टीच्या सकाळी दोघे माझ्यात बसून गळ टाकत. “गुणाची आहे हो आपली होडी,” असे बाई म्हणाल्या की मला पाण्यावर आणखी हलके वाटे.

पुढे नवरा वारला. वर्षभर मी भिंतीला टेकून धूळ खात होते. मग पुढच्या रिकाम्या जागेवर जावई येऊन बसला. आईने एकटीने समुद्रात जाऊ नये म्हणून लेकीनेच त्याला धाडले होते. जावई भला, पण भिडस्त. दोघांची वल्ही सारखी एकमेकांवर आपटत. बोलणे मात्र हवापाण्याच्या पलीकडे जात नसे.

एके सकाळी जावयाच्या गळाला मोठा मासा लागला. त्याने तो दोरीत ओवून माझ्या कडेला पाण्यात बांधला आणि खुशीत पाय पाण्यात सोडून बसला. तेवढ्यात माझ्या पोटाखालून एक लांब, करडी सावली गेली. वळली. पुन्हा आली. शार्क होता.

जावयाने वल्हे उगारले.

“मारू नका,” बाई हळूच म्हणाल्या. “आधी पाय वर घ्या. उभे राहू नका. वल्हं त्याच्या नि आपल्या मधे धरा. अंगावर आला तरच मारायचं.”

“आणि मासा?”

“दोरी कापा.”

“आई, पहिलाच मासा आहे हो माझा!”

“जावईबापू, लेकीने मला मासा आणायला नाही सांगितलं. नवरा परत आणायला सांगितलंय.”

त्याने दोरी कापली. शार्क माशामागे वळला आणि जाता जाता मला असा घासून गेला की मी कलंडता कलंडता राहिले. बाईंनी त्याच्यावरची नजर काढली नाही.

“आता होडी मागे घ्या. पाणी उडवू नका. माझ्या बरोबरीने.”

त्या दिवशी वल्ही एकदाही आपटली नाहीत.

किनाऱ्याला लागताच जावयाने पाण्यात उतरणाऱ्या सगळ्यांना ओरडून थांबवले. मागे वळून पाहतो तर बाई वाळूत बसलेल्या, हात लटलट कापत होते.

“तुम्हालाही भीती वाटली?”

“वाटली तर! पण दोघांनीही घाबरून कसं चालेल?”

त्याने ते हात आपल्या हातांत घेतले आणि कापायचे थांबेपर्यंत सोडले नाहीत.

आता बाईंचे गुडघे साथ देत नाहीत. त्या काठावर खुर्ची टाकून बसतात, आणि माझ्यात लेक नि जावई बसतात. उन्हाने माझा रंग विटला आहे. मित्रांनो, समुद्रावरून आलात की आम्हा होड्यांना गोड्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा. शार्क दिसला तर हातचा मासा खुशाल सोडा. पण काठावर कुणी वाट पाहत असेल तर आधी तिकडे जा.

आमचा जावई तसेच करतो. मला वाळूत सोडून तो आधी खुर्चीपाशी जातो आणि म्हणतो, “आई, आलो आम्ही.” तोवर मी थांबते. मला कसली घाई?