मेजर कबीरचं अभयपत्र

माझे सासरे रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा चेहरा बघत नाहीत, चाल बघतात. न्युरेम्बर्गला आल्यापासून खिडकीत बसून त्यांनी अख्खी गल्ली तपासली होती. "तो पोस्टमन बघ, डावा खांदा पाडून चालतो." खडकवासल्याच्या एनडीएत ते तीन वर्षं कवायतीचे उस्ताद होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता वीस वर्षं होत आली, पण आमच्या घरात चहा अजून हुकमावर होतो. मला त्याचा वैताग येतो आणि त्यांच्या ताठ पाठीचा अभिमानही वाटतो. दोन्ही खरं आहे.

मी एका छोट्या फेराइनमध्ये काम करते. संस्थाच ती, दोन खोल्यांची. अफगाणिस्तानची जुनी फौज हरली, तिचे अधिकारी देश सोडून निघाले आणि वाटेत कुठेकुठे अडकले. त्यांची ओळख पटवायची, हे माझं काम. आमची शिफारस गेली की त्यांना जर्मनीपर्यंतचं प्रवासपत्र मिळतं.

बाबा त्याला अभयपत्र म्हणतात. "हरलेल्या सरदाराला आपले लोकही कागद द्यायचे, वाटेत कुणी अडवू नये म्हणून. तुझं खातं जुनंच आहे, सूनबाई."

मेजर कबीरची फाईल माझ्याकडे आली तेव्हा त्याच्या हातात अकरा दिवस होते. अफगाणिस्तानच्या सीमेपलीकडच्या एका शहरात भाड्याच्या खोलीत तो बायको आणि मुलीसह राहत होता. राहण्याचा परवाना संपला की त्याला परत पाठवणार होते, आणि परत गेलेल्या अधिकाऱ्यांचं काय होतं ते मी फाइलींमध्ये वाचलेलं आहे. राजधानी पडली त्या दिवशी त्याने सगळी कागदपत्रं चुलीत घातली होती. मी खडकवासल्याला शिकलो, एवढंच तो सांगत होता. तिथे मित्रदेशांची पोरंही शिकायला येतात. रीतसर खात्री करून घ्यायला काही महिने गेले असते.

माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याने बरोबर दिली. पण ती उत्तरं इंटरनेटवरही मिळतात. गेल्या वर्षी एक जण अशीच घडाघडा उत्तरं देऊन गेला. माझ्या सहीवर तो इथे आला, आणि ज्याचं नाव त्याने वापरलं तो खरा अधिकारी मागेच राहिला. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

"मला दाखव त्याला," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही विरघळाल. खडकवासल्याचं नाव घेतलं की तुम्हाला सगळीच आपली पोरं वाटतात."

"विरघळतो की नाही ते बघ."

आमच्या संस्थेच्या प्रमुख फ्राऊ क्रेमर यांची परवानगी घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर कबीर आला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, अंगावर मळकट कुर्ता. बाबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि मान हलवली. चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. बाबांनी आपलं नाव सांगितलं मात्र, तसा कबीर चटकन उभा राहिला.

"सावधान!" बाबा गरजले. शेजारच्या खोलीत माझी मुलगी नैना दचकून "वास इस्ट लोस?" म्हणाली, म्हणजे काय झालं?

कबीरच्या टाचा जुळल्या.

"सामने सॅल्यूट!"

कबीर हलला नाही. दोन्ही हात मांड्यांना चिकटलेलेच. बाबांनी पुन्हा हुकूम दिला, आणखी चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा दिला. तो नजर समोर ठेवून दगडासारखा उभा. "काय झालं?" असं मी हिंदीत विचारलं, तर तोंडातून शब्दही नाही. मला रागच आला. अरे, अकरा दिवसांवर मरण उभं आहे आणि तुला साधा सॅल्यूट करता येत नाही? हा पण तसलाच निघाला, असं मनात म्हणत मी कॉल बंद करायला हात पुढे केला.

"थांब!" बाबा माझ्यावरही ओरडले. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "विश्राम. हुकूम क्यों नहीं माना?"

"उस्ताद, सिर पर टोपी नहीं है."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "माझा आहे हा. उघड्या डोक्याने सॅल्यूट करायचा नसतो. दर तुकडीला पहिल्याच आठवड्यात मी हा चुकीचा हुकूम द्यायचो. झाडून सगळी पोरं फसायची, मग मैदानाला फेऱ्या मारायची. एकदा फसलेला जन्मात विसरत नाही. आणि सावधानमध्ये बोलायचं नसतं, म्हणून तुला उत्तर दिलं नाही त्याने."

'ओळखीचा पुरावा' या रकान्यात मी लिहिलं, 'सॅल्यूट केला नाही.' खाली कारण लिहिलं आणि बाबांची सही घेतली. संध्याकाळी फ्राऊ क्रेमर यांचा फोन आला.

"आल्झो, म्हणजे सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे, हे त्याला माहीत होतं?"

"हो. माहीत होतं."

"आणि तरीही चुकीचा हुकूम पाळला नाही?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

 "मग मीही सही करते," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी प्रवासपत्र पोचलं. कबीरने व्हिडिओ कॉल केला तो माझ्यासाठी नव्हता. "उस्ताद, कागदावर मेजर लिहिलंय त्यांनी," तो हिंदीत सांगत होता. "फौजच राहिली नाही. मी आता कसला मेजर?"

बाबा खुर्चीतून उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पायात लोकरी मोजे, अंगात माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर. 

"साहब, मैं सूबेदार, आप मेजर," ते म्हणाले. "हुकूम अब आप देंगे." आणि टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून ताठ उभे राहिले.

हुकमाची वाट बघत बाबा तसेच उभे. त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं, पण त्यांना बसा म्हणायची माझी छाती झाली नाही.

शेवटी कबीरने घसा खाकरला. आवाज आधी फुटला, मग खणखणीत लागला.

"उस्ताद, विश्राम!"

बाबांनी डावा पाय बाजूला टाकला, हात मागे बांधले, आणि तिथेच उभ्या उभ्या रडू लागले.