मी धन्यवाद म्हणत राहिलो

मित्रांनो, मी एक प्लगइन आहे, आणि जुना आहे. किती जुना ते विचारू नका, कारण माझ्या वयाचे बाकीचे केव्हाच काढून टाकले गेले.

ज्यांना प्लगइन म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॉग ही इंटरनेटवर मांडलेली एक वही असते. त्या वहीला एखादे जास्तीचे काम करता यावे म्हणून बाहेरून जो लहानसा सुटा भाग जोडतात, तो मी. माझे काम अर्ज घेण्याचे. माणसाने नाव, ट्रेड आणि मोबाइल नंबर भरून बटण दाबले की मी तो अर्ज मालकाला ईमेलने पाठवायचा आणि भरणाऱ्याला म्हणायचे, 'धन्यवाद! तुमचा अर्ज पोहोचला.'

माझा जन्म हिंजवडीच्या वाटेवर झाला. विजयश्री नावाची एक इंजिनिअर कंपनीच्या कॅबमधून ऑफिसला जाई. वाकडच्या पुलाखाली कॅब रोज तासभर उभी राही. त्या तासातासांतून तिने मला घडवले आणि जगाला फुकट वाटून टाकले. माझे कौतुकही पुष्कळ झाले. 'साधा आहे, पण कामाचा आहे,' असे लोक लिहीत.

कुरुळीच्या ज्योतीरामकाकांच्या ब्लॉगवर मला बसवले त्यांच्या भाच्याने, दिग्विजयने. काकांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षे मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. निवृत्तीनंतर त्यांनी 'गेटवरची खबर' हा ब्लॉग सुरू केला. कुठल्या कंपनीत अप्रेंटिसची भरती आहे, हे त्यांना गेटवरच्या ओळखीने आधी कळे. ते ब्लॉगवर लिहीत, आयटीआय झालेली पोरे माझ्याकडे अर्ज भरत, मी ते काकांना पाठवी आणि काका कागदावर उतरवून स्वतः गेटवर नेऊन देत. शेकडो जण असे कामाला लागले. खंडेनवमीला काका लॅपटॉपला झेंडूचा हार घालत, तेव्हा त्यातल्या दोन पाकळ्या माझ्या वाट्याच्या आहेत असे मी धरून चालत असे.

पण मित्रांनो, हार घालणे वेगळे आणि देखभाल वेगळी.

माझ्यात सुधारणा झाली की ब्लॉगच्या आतल्या पानावर एक लाल आकडा उमटतो. त्याचा अर्थ, 'नवी आवृत्ती आली आहे, घ्या.' शाळकरी पोरालाही कळेल. काकांना कळला नाही, कारण काकांना फार कळत होते. कारखान्यात यंत्राची दुरुस्ती चालू असली की त्यावर लाल टॅग अडकवतात. टॅग असलेल्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, हा तिथला नियम. काकांनी लाल आकडा पाहिला, हा दिग्विजयने लावला असणार असे ठरवले, आणि शिस्तीत हात मागे घेतला.

चार वर्षे! आकडा एकाचा अकरा झाला. काका रोज आदराने त्याच्याकडे पाहत आणि पान बंद करत.

मधल्या काळात विजयश्रीला माझ्यासाठी वेळ उरला नाही. 'यापुढे या प्लगइनची देखभाल होणार नाही,' अशी ओळ तिने माझ्या पानावर लिहिली. ती ओळ वाचणारा मी एकटाच.

मग आठ महिन्यांपूर्वी ईमेलवाल्यांनी नियम बदलले. माझी जुनी पद्धत त्यांना चालेना. मी अर्ज पाठवी, ते दारातूनच परतवून लावत. मी त्याची एक प्रत पोटात ठेवून घेई. काकांना काहीच मिळत नव्हते. आणि अर्ज भरणाऱ्याला मात्र मी म्हणत राहिलो, 'धन्यवाद! तुमचा अर्ज पोहोचला.' कारण बटण दाबले की तेवढेच बोलायचे, एवढेच मला शिकवलेले.

अर्ज येईनात म्हटल्यावर काकांनी काय करावे? त्यांनी ब्लॉगवर लेख लिहिला: 'हल्लीच्या पोरांना घाम नको.' चांगला दोन पानी. मी तो लेख मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या पोटात साठ अर्ज होते. मित्रांनो, असा वैताग वैऱ्यालाही नको.

गेल्या शनिवारी दुपारी थेरगावहून अंजली आली. काकांचे जुने जोडीदार भीमराज यांची ही मुलगी, इलेक्ट्रिशियन ट्रेड पहिल्या वर्गात पास झालेली. भरतीची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती, आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या भरतीत ती बसणार नव्हती. (हे सगळे मला कसे ऐकू आले, असे विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूला एवढी सवलत असते.)

"काका, माझा अर्ज दिलात ना गेटवर?"

"कसला अर्ज? मला न्हाई आला."

"मंगळवारी भरलाय. हे बघा, स्क्रीनशॉट. धन्यवाद, पोहोचला."

"आगं, मी कुठं धन्यवाद म्हणालो?"

"मग कोण म्हणालं?"

दोघांनी लॅपटॉपकडे पाहिले. मला कुठे तोंड लपवावे कळेना.

काकांनी दिग्विजयला फोन लावला. "भाच्या, तुजा टॅग कवा निघायचा?"

"कसला टॅग, मामा?"

"त्यो लाल आकडा. चार वर्सं लटकवून ठिवलाय तू."

"मामा, तो मी नाही लावला. तो तुम्हाला अपडेट करा म्हणून सांगतोय."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"मामा, तोच तर सांगत होता!"

काका तापले. "फेकतोच याला भंगारात," म्हणत त्यांनी मला काढून टाकायच्या बटणाकडे बाण नेला. पोटातल्या अर्जांसकट मी जाणार होतो. मला ओरडता येत नाही. पण अंजलीने त्यांचा हात धरला.

"थांबा काका. मशीन स्क्रॅपला देताना आधी ऑइल काढून घेता ना? याच्यात काही उरलंय का ते तर बघू."

दिग्विजयने फोनवरून वाट सांगितली आणि अंजलीने माझे पोट उघडले. त्रेसष्ट अर्ज. काका खुर्चीवर मागे टेकले.

"तुजा तेवढा लिवून घे," ते म्हणाले. "वखत न्हाई. चाकणचं ट्रॅफिक ठाव हाय ना?"

"याच भरतीचे चौदा आहेत, काका. माझा धरून."

"पोरी, उशीर झाला तर तुजाबी जाईल."

"मग तुम्ही वाचा. मी भरभर लिहिते."

चौदाही अर्ज कागदावर उतरले. अंजलीच्या गाडीवर मागे बसून काका निघाले. गेटवर पोहोचले तेव्हा पाचाला सात मिनिटे कमी होती. चौदाही घेतले गेले, आणि अंजलीला चाचणीचे बोलावणे आले आहे.

उरले एकोणपन्नास. त्यांच्या मुदती केव्हाच टळल्या होत्या. रविवारी काकांनी एकेकाला फोन केला. परभणीचा गणराज गावी परत गेला होता. रागावलास का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तसं काही नाही हो काका. मला वाटलं, माझेच मार्क कमी पडले आसतील." एकानेही तक्रार केली नव्हती. मी पोहोचला म्हटले होते, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

काकांनी घामाचा तो लेख काढून टाकला. अंजलीने नवा फॉर्म बसवला आणि स्वतःच्या नावाने अर्ज करून तो येतो की नाही ते पाहिले. मित्रांनो, तुमचाही ब्लॉग असेल तर महिन्यातून एकदा तुम्ही एवढे करा. आमच्यासारख्या टाकून दिलेल्यांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

मला मात्र काकांनी अजून काढलेले नाही. नुसते बंद करून ठेवले आहे. "ऱ्हाऊ दे, स्पेअरमदी लागंल कवातरी," म्हणतात. अंजली म्हणते, "काका, बंद असला तरी जुना प्लगइन चोराला ब्लॉगमध्ये शिरायला वाट देतो. काढा." काका म्हणतात, "लई सेवा केलीय त्यानं."

उद्या ती पुन्हा येणार आहे. मित्रांनो, कुरुळीकडे कुणी जाणार असाल तर काकांच्या घरी जरूर डोकवा, आणि कृपा करून अंजलीच्या बाजूने बोला.