उधारीची काजूकतली

धर्मराजला कुणी शेठ म्हटलं की त्याचा हात आपसूक खिशात जायचा. आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात तो साधा मशीनवर होता. पण हेंद्रेपाड्यातले चहावाला, मिठाईवाला आणि मोबाइलवाला त्याला शेठ म्हणत, आणि तिघांच्याही वहीत शेठचं पान भरत आलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या गृहस्थाने अंथरूणच हप्त्यावर घेतलं होतं.

दिवाळीत त्याने भिंतभर टीव्ही आणला. त्यासाठी अंजनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पाटल्या कॅम्प नंबर तीनच्या सराफाकडे गहाण पडल्या. तिच्या आईने दिलेल्या होत्या त्या. ‘दोन महिन्यांत सोडवतो’ म्हणाला होता. आता सातव्या महिन्यात कागद आला: शनिवारपर्यंत चौतीस हजार भरा, नाहीतर लिलाव. अंजनाने कागद दोनदा वाचला आणि पुन्हा मजुरीवर आणलेल्या जीन्सचे धागे कापायला बसली. ती भांडली असती तर बरं, असं धर्मराजला वाटलं.

अंजना गल्लीतल्या बारा बायकांच्या भिशीत होती. महिन्याला प्रत्येकीचे तीन हजार, आणि सगळी रक्कम एकीला. या भिशीत चिठ्ठी काढत नसत. जिला गरज, तिने सगळ्यांपुढे उभं राहून खरं कारण सांगायचं. भाजी विकून दोन मुलींची लग्नं लावलेली बनूबाई शेवटचा शब्द द्यायची. अंजनाचं ऐकून ती एवढंच म्हणाली, “ज्याने खड्डा खणला त्याला पाठव.”

शुक्रवारी संध्याकाळी धर्मराज इस्त्रीचा शर्ट घालून भिशीला निघाला. बायकांपुढे रिकाम्या हाताने कसं जायचं? शेठची अब्रू आडवी आली. वाटेत त्याने किलोभर काजूकतली बांधून घेतली.

“घ्या मावशी, तोंड गोड करा,” त्याने डबा पुढे केला.

बनूबाईने डब्याला हात लावला नाही. “रोख दिलंस का रं?”

धर्मराजने छताकडे पाहिलं. “लिहून ठेवलंय.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली एक फिस्सकन हसली आणि सगळ्यांचाच बांध फुटला. फक्त अंजना हसली नाही. तिचं खाली गेलेलं तोंड पाहून धर्मराजला पहिल्यांदा मनापासून लाज वाटली.

“आता बोल,” बनूबाई म्हणाली. “सगळं बोल.”

पाठ करून आणलेलं भाषण तो विसरला. टीव्ही, बाइकचा हप्ता, तीन दुकानांच्या वह्या, आणि अंजनालाही ठाऊक नसलेलं मोबाइलच्या ॲपवरचं कर्ज, सगळं बाहेर पडलं. बेरीज त्याने आजवर केलीच नव्हती. ती बनूबाईने बोटांवर केली: ब्याण्णव हजार.

“मोबाइलवरचं कधी घेतलंत?” अंजनाने विचारलं.

“तुझ्या वाढदिवसाला. केक, फुगे, तो बॅनर...”

“मला बॅनर नको होता हो,” ती हळूच म्हणाली. “माझ्या पाटल्या हव्या होत्या.”

बनूबाईने निकाल दिला. भिशीचा नंबर अंजनाला. टीव्ही विकायचा आणि आधी मोबाइलवरचं कर्ज फेडायचं. पगार अंजनाच्या हातात, शेठला रोजचे शंभर रुपये. “आणि हा डबा आत्ताच्या आत्ता परत.”

सुतळीसुद्धा न सोडलेला डबा पाहून मिठाईवाला चमकला. “क्या हुआ सेठ, माल खराब है?”

“माल चांगला आहे,” धर्मराज म्हणाला. “गिऱ्हाईक खराब होतं. वहीतलं तेवढं खोडा.”

शनिवारी पाटल्या सुटल्या. परत येताना धर्मराज तिला कोपऱ्यावर उभी करून मिठाईच्या दुकानात शिरला, आणि आपल्या शंभरातून कागदात बांधलेला एकच तुकडा घेऊन आला.

अंजनाच्या कपाळावर आठी उमटली.

“रोख दिलेत,” तो घाईघाईने म्हणाला.

अंजनाने त्या तुकड्याचे दोन भाग केले. मोठा त्याला दिला.