ओळखीच्या बाईचा प्रश्न

दुकानात उत्तरकाकांचा एक नियम होता आणि चर्चमध्ये दुसरा, आणि दोन्ही ते सारख्याच कडकपणे पाळत. दुकान औषधांचं. खोकल्याची बाटली मागायला कोणी आलं, की काका चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कुणासाठी?" मूल असेल तर वय, म्हातारं माणूस असेल तर रक्तदाब, बाई असेल तर दिवस गेलेत का, हे कळल्याशिवाय बाटली कपाटातून खाली येत नसे. गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो, साधं खोकल्याचं तर औषध!" काका म्हणायचे, "औषध साधं असेल हो, रोगी कसा आहे ते मला काय ठाऊक? बोला, कुणासाठी?"

चर्चमध्ये मात्र नेमका हाच प्रश्न विचारायला बंदी होती. रविवारी उपासना संपली की बाजूच्या खोलीत चहा असे आणि चहासोबत शंकासमाधान. चार बाकं, मधे टेबल, टेबलाच्या डोक्याशी काकांची खुर्ची. शास्त्राबद्दल, श्रद्धेबद्दल ज्याला जे विचारायचं त्यानं ते विचारावं. जुन्या पाळकांनी घालून दिलेला नियम एवढाच, की प्रश्न कोणाचा हे विचारायचं नाही. त्यामुळे सगळे प्रश्न 'एका ओळखीच्यांना विचारायचंय' असे सुरू होत. ओळखीचे म्हणजे आपण स्वतःच, हे तिथल्या चहाच्या किटलीलाही माहीत होतं. पाववाल्याचा कुत्रा मेला तेव्हा तो डोळे पुसत म्हणाला होता, "एका ओळखीच्यांचा कुत्रा गेलाय. तो त्यांना स्वर्गात भेटेल का?" कोणी हसलं नाही. नियम तसा चांगलाच होता, त्याच्या आडोशानं माणसं लाज बाजूला ठेवून बोलत.

उत्तरकाका हे नाव तिथेच पडलं. प्रश्नाचं शेपूट बाहेर यायच्या आत उत्तर हजर. काइनाला बायको कुठून मिळाली? आदामाला आणखी मुलंमुली झाल्या, पुढचाच अध्याय वाचा. येशूचं नाव ज्यांच्या कानावर कधी पडलंच नाही त्यांचं काय? न्याय करणारा न्यायी आहे, तुम्ही तुमचं बघा. चांगल्या माणसांना दुःख का? ईयोबाला विचारा. अध्याय आणि वचन जिभेवर. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कोणी म्हणू शकलं नसतं, कारण प्रत्येक उत्तराला शास्त्राचा आधार असे. आधार असणं म्हणजे उत्तर बरोबर असणं, असं मात्र काका धरून चालत, आणि सगळी खोलीही तसंच धरून चाले.

काकांना एकुलती एक लेक. आई लवकर गेली, म्हणून काकांनीच तिच्या वेण्या घालून तिला मोठं केलं होतं. वेण्या वाकड्याच यायच्या, ती तशीच शाळेत जायची. जावई वीज कंपनीत नोकरीला आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. बोलणं मऊ, बोटं त्याहून मऊ. तो वाजवायचा आणि लेक शेजारी उभी राहून पानं उलटायची. तिच्या बाह्या मनगटापर्यंत असत, भर उन्हाळ्यातही. काका पहिल्या बाकावरून त्या दोघांकडे बघत आणि मनात देवाचे आभार मानत.

लेकीच्या खालच्या मजल्यावर टेलरबाई राहत. त्यांचा नवरा बस चालवायचा. हा ड्रायव्हर म्हणजे गरीब गाय, आवाज चढला तर फक्त हॉर्नचा. गेल्या काही महिन्यांत टेलरबाई दुकानात वरचेवर येऊ लागल्या होत्या. मुका मार लागल्यावर लावायचं मलम, कापूस, ठणक थांबायच्या गोळ्या.

"कुणासाठी?" काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"घरात लागतं," टेलरबाई म्हणाल्या आणि काउंटरच्या काचेकडे बघत राहिल्या.

काकांनी मलम दिलं. त्यांच्या मनात ड्रायव्हरबद्दल एक काळा डाग पडला. वरून गरीब दिसणारीच माणसं आत कशी असतात कोण जाणे, असं त्यांना वाटलं. या वाटण्यात तथ्य होतं, फक्त माणूस चुकला होता.

अशाच एका रविवारी खोलीत चांगली गर्दी होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी विचारलं, "एका ओळखीच्यांना कळत नाही, बाळ येशूला मारायला निघालेल्या हेरोद राजाचा हात देवाला तिथल्या तिथे लुळा करता आला असता. मग योसेफाला बायकोपोरासकट मिसर देशात पळायला का सांगितलं? देवाच्या मुलानं पळून जायचं?"

काका खुशीत आले. असा प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानी. "पळणं म्हणजे अविश्वास नव्हे, बाई. मारणारा दाराशी आला की जीव घेऊन निघणं हीसुद्धा आज्ञाच. दूत म्हणाला 'ऊठ', आणि योसेफ उठला. हेरोदाचं मन पालटेल म्हणून तो वाट बघत बसला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग टेलरबाई उभ्या राहिल्या. त्या कधी काही विचारत नसत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "एका ओळखीच्या बाईला विचारायचंय. तिचा नवरा तिला मारतो. बाहेर दिसणार नाही असं मारतो. तिनं घर सोडलं तर ते पाप होईल का?"

चहाचे कप थांबले. खोलीतल्या सगळ्या नजरा ड्रायव्हरकडे वळल्या. त्याच्या हातात बिस्किट होतं, ते त्यानं हळूच बशीत परत ठेवलं. भिंतीपलीकडून ऑर्गनचे सूर येत होते, जावई पुढच्या रविवारचं गाणं बसवत होता, आणि लेक अर्थातच त्याच्याजवळ पानं उलटत उभी होती.

काकांना मलम आठवलं. त्यांना टेलरबाईंची दया आली, आणि दया आली की त्यांचा आवाज जड व्हायचा. "देवानं जे जोडलं ते माणसानं तोडायचं नसतं," ते म्हणाले. "तिला सांगा, सोसणाऱ्याचा देव वाली असतो. बायकोच्या शांत वागण्यानं नवऱ्याचं मन वळतं, पेत्रानंही तेच लिहून ठेवलंय."

"म्हणजे राहायचं?"

"राहायचं. प्रार्थना करायची."

"तिला असंच सांगू?"

"असंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

टेलरबाई लगेच बसल्या नाहीत. टेबलावरचे कप गोळा करत बराच वेळ काकांच्या खुर्चीपाशी घुटमळल्या. काका पुढच्या प्रश्नाकडे वळले होते.

एवढ्यावर न थांबता, चहा संपल्यावर काकांनी ड्रायव्हरला फाटकाशी गाठलंच. "बायको म्हणजे बसचा गिअर नव्हे, हिसडा द्यायला," असं काहीबाही ते बरंच बोलले. ड्रायव्हर मूग गिळून उभा राहिला. एकदाच तोंड उघडून त्यानं वर चर्चच्या दाराकडे पाहिलं, तिथे टेलरबाई उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली, आणि त्यानं तोंड मिटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी काका मोठं पुण्य केल्यासारखे घरी गेले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. लेक जिन्यावरून पडली आणि गेली. पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या, पाय घसरला, असं जावयानं पोलिसांना सांगितलं. सांगताना तो इतका रडला की पोलिसांनीच त्याला पाणी आणून दिलं. काका शवपेटीजवळ बसून होते. तिचे केस कोणीतरी अगदी नीट विंचरले होते, आणि ते बघून त्यांना धाय मोकलून रडू आलं.

दफनानंतर लोक पांगले. टेलरबाई ताज्या मातीशी उभ्या होत्या. काका जवळ आले तशा त्या म्हणाल्या, "तो प्रश्न तिचा होता."

काकांना आधी कळलंच नाही. "कोणता प्रश्न?"

"मी विचारला तो. मला माझ्या नवऱ्यानं आयुष्यात बोट लावलेलं नाही, काका. छताच्या वर काय चालायचं ते आम्ही दोघं ऐकत होतो. मी म्हटलं, बापाकडे जा. तर म्हणाली, बाबांना कळलं तर ते बाप म्हणून ये म्हणतील. मला शास्त्र काय म्हणतं ते हवंय. तुम्ही विचारा, पण माझं नाव कळू द्यायचं नाही. शपथ घातली मला. मलम मी तिच्यासाठी न्यायची. त्या रविवारी मी तुमच्या खुर्चीशी उभी राहिले. म्हटलं, दुकानात विचारतात तसं आता विचारतील, कुणासाठी म्हणून. एकदा जरी विचारलं असतंत ना, मी शपथ मोडली असती. तिला तुमचं उत्तर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बाबांनीच सांगितलं ना, मग झालं. कपाटावरची बॅग भरून ठेवली होती तिनं. ती परत रिकामी केली."

काका मातीवरच बसले. योसेफ, मिसर, 'ऊठ' म्हणणारा दूत, सगळं त्यांनी त्याच रविवारी, त्याच तोंडानं सांगितलं होतं. बरोबर औषध कपाटात होतं, त्यांच्याच हातानं खाली काढलेलं होतं, आणि ते भलत्याला देऊन लेकीला दुसरीच बाटली पाठवली होती. पाववाल्याच्या कुत्र्याची विचारपूस त्यांनी केली होती, पण लेकीला एवढ्या उन्हात लांब बाह्या कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढचे दिवस ते दुकान उघडून नुसते बसत. पोलिसांकडे जायला हवं हे त्यांना समजत होतं. पण जायचं तर टेलरबाईंना सोबत न्यायचं, आणि त्यांनी तोंड उघडलं की सगळ्यांत आधी काकांचं उत्तरच बाहेर येणार. उभ्या गावाला कळणार की उत्तरकाकांनी लेकीला मारणाऱ्याच्या घरात थांबवून ठेवलं. या लाजेपायी ते गप्प राहिले. आपण लाजेपायी गप्प आहोत हे त्यांना कळत होतं, म्हणून रात्री अन्न उतरत नव्हतं.

रविवार आला. सवयीचे पाय त्यांना त्या खोलीत घेऊन गेले. लोकांनी खुर्ची रिकामी ठेवली होती. जावई काळ्या कोटात आला, बायकांनी सरकून त्याला जागा दिली, पाळकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग जावईच उभा राहिला.

"एका ओळखीच्या माणसाला विचारायचंय," तो म्हणाला, मऊ आवाजात. "त्याच्या हातून घरच्या माणसाला त्रास झाला. आता त्याला पश्चात्ताप झालाय, झोप लागत नाही. अशाला किती वेळा क्षमा करायची?"

उत्तर लहान मुलालाही येत होतं. पेत्रानं हेच विचारलं होतं, सात वेळा का, आणि प्रभू म्हणाला होता, सत्तर गुणिले सात. पाववाल्याचे ओठ हललेसुद्धा. जावयाचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खोटे नव्हते. काकांना त्याचीच सर्वांत जास्त किळस आली. या माणसाला रडता येत होतं, आता उत्तर घेऊन तो घरी जाऊन झोपणार होता.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणासाठी?"

खोली चपापली. "बाबा, असं विचारत नाहीत ना इथे," जावई म्हणाला.

"नाहीच विचारत. मी विचारलं नाही, म्हणून माझी लेक गेली." काका उठले. टेबलाचा आधार घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. मलम सांगितलं, रिकामी केलेली बॅग सांगितली, आणि आपलं उत्तर जसंच्या तसं, अध्याय-वचनासकट सांगितलं. "किती वेळा क्षमा करायची ते मला पाठ आहे," ते जावयाला म्हणाले. "पण ते मी सांगायचं नाही. ज्याला लागलं त्यानं सांगायचं असतं. तिला विचार जा. मलाही तिलाच विचारायचंय."

जावयाची मऊ बोटं कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली. शेजारच्या बायका उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

काका बाहेर पडले. टेलरबाई मागून आल्या, आणि त्यांच्या मागून ड्रायव्हर. फाटकाशी काका थांबले, त्या दिवशी जिथे बोलले होते तिथेच. "तुम्हाला नाही नाही ते बोललो मी," ते म्हणाले.

"ते राहू द्या, काका. आधी चला," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं त्यांचा दंड धरला.

पोलिस ठाण्यात एक तरुण हवालदार होता. त्यानं तिघांना बाकावर बसवलं, पंखा सुरू केला आणि विचारलं, "बोला. कुणाबद्दल सांगायचंय?"

"एका ओळखीच्या…" काकांच्या तोंडून आलं. इतक्या वर्षांची सवय. टेलरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच राहिला.

"माझ्या लेकीबद्दल," ते म्हणाले.