घड्याळजीच्या फळीवरची बाटली

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून माहेरी आलेली थोरली बाबांच्या कामाच्या फळीवर सेल शोधत होती. बाबा घड्याळजी. मोडकी स्प्रिंगसुद्धा त्यांच्याच्याने फेकवत नसे. काटे आणि दातेरी चाकांच्या बरण्यांमागे तिला एक झाकणबंद बाटली सापडली. आत पाण्यासारख्या औषधात वाटाण्याएवढा मांसाचा गोळा. वरच्या चिठ्ठीवर आईचं नाव.

आई गेली, तरी तिची चप्पल अजून दाराशीच होती.

थोरलीचं लग्न ठरलं, त्याच सुमारास कोलोनोस्कोपी करून डॉक्टरांनी आईच्या आतड्यातला हा पॉलिप, म्हणजे कोंबासारखी वाढलेली गाठ, काढला होता. "काढला म्हणजे संपलं नाही," त्यांनी बजावलं होतं. "लॅबमध्ये तपासल्यावरच कळेल, साधा आहे की वाईट, मुळाशी काही उरलंय का." बाटली लॅबमध्ये पोचवायला बाबांच्या हाती दिली होती. पुढे बाबा म्हणाले, "काही नाही, साधी गाठ." आई हुश्श करून खरेदीला लागली.

"बाबा, ही लॅबमध्ये गेलीच नाही?"

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. उत्तर दिलं शेजारी बसलेल्या आत्याने.

"तुझ्यासाठीच गं! घरात असला रोग म्हटल्यावर कुणी उंबरा चढलं असतं का?"

"आईला विचारलं होतं?"

"तिला काय विचारायचं? घाबरून निम्मी झाली असती."

"न विचारता अख्खीच गेली."

"लग्न उरकलं की नेणार होतो," बाबा पुटपुटले. "मग तुझं बाळंतपण आलं. मग... सांगायला तोंड राहिलं नाही. फेकवली मात्र नाही गं."

लग्नाच्या फोटोंत आई सगळ्यांत मोकळं हसत होती. त्या हसण्यामागचं खोटं थोरलीच्याच नावावर रचलं होतं, थोरलीला न सांगता.

"ठेव ती जागेवर," आत्या म्हणाली. "धाकटीला बघायला माणसं यायचीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"या मुठीत आई होती, आत्या."

थोरलीने बाटली पदराआड न धरता, सरळ हातात घेऊन लॅब गाठली.

"अजून तपासता येईल," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता कशासाठी?"

"आम्ही दोघी बहिणी आहोत."

निकाल आला, तो दोघी बहिणींनी मिळून वाचला. कॅन्सर होता, गाठीच्या देठाच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला. तेव्हाच कळतं, तर आतड्याचा तेवढा भाग काढून आई वाचण्याची आशा होती. बाबांनी ऐकलं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. थोरली त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेली नाही.

पाहुणे आले तेव्हा चहा ठेवून धाकटीच बोलली, "आमची आई आतड्याच्या कॅन्सरने गेली. घरात लपवला म्हणून गेली. आम्ही दोघीही तपासून घेणार आहोत. मग काय ते ठरवा."

आत्याला ठसका लागला. मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

"माझ्या आईचंही पोटाचंच काहीतरी होतं," ती म्हणाली. "काय, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही."