उडी उशिरा का आली?

मित्रांनो, जळगावच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ जो जाडजूड करडा डबा दिसतो ना, तो जुना वाहकतामापक म्हणजे मी. कोणत्या द्रवातून वीज किती सहज जाते, ते मी सांगतो. माझ्या वायरच्या टोकाला काचेची एक नळी लोंबते आणि तिच्या पोटात प्लॅटिनमच्या दोन छोट्या पट्ट्या आहेत. ती नळी द्रवात बुडवली की माझ्या पडद्यावर आकडा उमटतो.

मला आणलं जीवराम सरांनी, ते स्वतः तरुण असताना. पुढे नवी चकचकीत यंत्रं आली, तरी त्यांनी मला अडगळीत टाकू दिलं नाही. "हा म्हातारा खोटं बोलत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी नुसता फुगून जायचो.

अलीकडे माझ्यावर संघमित्रा काम करायची. वरणगावची मुलगी, पीएच.डी. करणारी. तिचं मिश्रण मोठं गमतीचं होतं. तेलात पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब, आणि प्रत्येक थेंबाच्या अंगावर साबणासारख्या पदार्थाचा अंगरखा. थेंब एकमेकांपासून लांब असतात तोवर वीज जवळजवळ जातच नाही. हळूहळू ऊब दिली की ते गोळा होतात, अंगरखे सैल पडतात, आणि विद्युतभार या थेंबातून त्या थेंबात हातोहात पुढे सरकतो. मग माझा आकडा एकाएकी उसळतो. मुलं त्याला 'उडी' म्हणतात. चिमूटभर युरिया टाकला तर उडी लवकर येते; क्षार टाकले तर अंगरखे घट्ट होतात आणि उडी लांबते. कशाने उडी किती सरकते, हेच संघमित्रा मोजत होती. धुळ्याच्या परिषदेत ती ते मांडणार होती.

खंडेनवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा होते. सरांनी तराजूला, भट्टीला, मला फुलं वाहिली. माझ्यावर माया जास्त, म्हणून नळीलाही कुंकू लावलं, चांगलं चिमूटभर. मी ऐटीत बसून राहिलो.

दसऱ्यानंतर संघमित्राने काम सुरू केलं, तर उडी यायचं नावच घेईना. युरिया घातलेला, म्हणजे ती लवकर यायला हवी; आली ती कितीतरी उशिरा. तिने मिश्रण पुन्हा बनवलं, काचेची भांडी पुन्हा धुतली. पुन्हा तेच. सरांनी आकडे पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. हात स्वच्छ नसतील तर रीडिंग स्वच्छ कुठून येणार? धुळ्याला या वेळी हिच्याऐवजी हर्षिता बोलेल." हर्षिता म्हणजे सरांचीच दुसरी विद्यार्थिनी.

सरांच्या मनात भांडी धुण्याचीच गोष्ट असेल. पण हातांबद्दलचं हे बोलणं संघमित्राच्या घरात पिढ्यानपिढ्या ऐकलेलं होतं. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून शुद्ध पाण्याच्या सगळ्यांच्या बाटलीला ती हात लावेना; स्वतःची वेगळी बाटली भरून ठेवू लागली.

ते पाहून मी शरमेने मेलो. कारण चूक माझ्या पोटात होती. नळीला वर एक बारीक भोक असतं. त्यातून कुंकू आत जाऊन काचेला चिकटलं होतं. साध्या पाण्याने ते हलत नव्हतं, पण संघमित्राचं कोमट, साबणी मिश्रण वर चढलं की थोडं थोडं सुटायचं. त्यातल्या क्षारांनी थेंबांचे अंगरखे घट्ट होत होते. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. मला फक्त आकडा देता येतो, आणि तोच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

संघमित्रा मात्र हट्टाला पेटली. एका दुपारी तिने नळी उलटी धरली आणि भोकातून स्पिरिट सोडलं. खालच्या पांढऱ्या कागदावर लालसर थेंब पडला. सर शेजारीच उभे होते. ते त्या थेंबाकडे बघतच राहिले.

"हे कुंकू मी लावलं होतं," ते हळूच म्हणाले. "माझं चुकलं, संघमित्रा."

तिने नळी नीट स्टँडला अडकवली. "सर, आत्ता इथे आपण दोघंच आहोत," ती म्हणाली. "तेव्हा सगळे होते."

एवढ्यात साक्रीकडचा वना शिपाई चहा घेऊन दारात आला. "सर, चहा शे. बठ्ठा पोरे बाहेर शेतस, बलावू का?"

"बोलव," सर म्हणाले.

मुलं आत आली. "संघमित्राचे हात स्वच्छ होते," सर सगळ्यांना म्हणाले. "कुंकू माझ्या हाताने आत गेलं. मी काही तपासलं नाही आणि तिच्या हातांवर बोललो. ते मी बोलायलाच नको होतं. धुळ्याला तीच बोलेल."

कपांना कुणी हात लावला नाही. संघमित्राने मान हलवली, पण ती हसली नाही. तिने नवं मिश्रण भरलं, ऊब दिली, आणि उडी जिथे यायला हवी तिथे आली.

मित्रांनो, माझ्यावर माया करा, हवं तर फूलही वाहा. पण कामाला लावण्याआधी मला आतून धुवा. आकडा चुकला तर आधी माझ्या पोटात डोकावा, माणसावर बोट ठेवायची घाई करू नका. माझी नळी स्पिरिटने स्वच्छ झाली. संघमित्राने जे ऐकलं, ते धुवायला प्रयोगशाळेत काहीच नाही.